नसलेली सत्तरची रेघ

चहात साखर घालताना ती चमचा डब्याच्या काठाला घासून सपाट करायची. हातात काहीही आलं, पिशवी, पुस्तक, मांजराचं पिल्लू, की ते दोनदा वरखाली करायची आणि मनात आकडा म्हणायची. कोणी "अंदाजे" म्हणालं की तिची डावी भुवई वर जायची. बसायला दिलेली खुर्ची डुगडुगली तर खिशातून पुठ्ठ्याची घडी काढून पायाखाली सारायची, परक्याच्या घरीसुद्धा. मुलीला शाळेच्या दारात कडेवर घेऊन म्हणायची, "दोनशे ग्रॅमनं वाढलीस गं," आणि ते खरं निघायचं. जेवताना ताटात एक शीत ठेवायची नाही.

आणि राग आला की बोलायची नाही. एक किलोचं पितळी वजन मऊ फडक्यानं पुसत बसायची. ज्याच्याकडे ती काम शिकली तो म्हातारा मिस्त्री जिवंत होता तोवर ओरडायचा, "अगं, पुसून पुसून झिजवशील, मग खोटं होईल ते!" ती तेवढ्यापुरती थांबायची. ज्या वर्षाची ही गोष्ट आहे त्या वर्षी त्या वजनात तोंड दिसायचं.

सगळे तिला काटेवाली म्हणायचे, कारण ती वजनकाटे दुरुस्त करायची. भाजीवाल्यांचे, टपाल कचेरीतले, भंगारवाल्यांचे, दवाखान्यांतले. दुकान म्हणजे चाव्या करणाऱ्याच्या आणि चपला शिवणाऱ्याच्या मधली सांद. आत एक जण उभा राहिला तर दुसऱ्यानं श्वास आत ओढावा. वर एक खोली आणि स्वयंपाकघर. तिथे ती, तिचा मालवाहू गाडी चालवणारा नवरा, चार वर्षांची मुलगी आणि आई.

आई दारात बसून जेवायची. रोज दुपारी एक वाजता दुकानाच्या पायरीवर स्टूल आणि मांडीवर ताट.

"आजी, आत पंखा आहे की," चाव्यावाला म्हणायचा.

"इथे वारा येतो."

कसला वारा? समोर बसथांबा होता. धूर यायचा. आई तेहतीस वर्षं तो धूर खात जेवत होती. सावकाश, मोठे घास घेऊन, शेवटी ताट पुसून. रस्त्यानं बघावं, की ही बाई जेवते.

कारण असं. काटेवाली जन्मली तेव्हा एक किलो नऊशे भरली होती. पूर्ण दिवसांची. त्या दवाखान्यात तिची आत्या, म्हणजे वडिलांची धाकटी बहीण, नर्स होती. आत्यानं बाळ काट्यावर ठेवलं, बाहेर आली आणि घरच्यांना म्हणाली, "वहिनीनं हट्टानं जेवण टाकलं. पोरीला पोटात उपाशी ठेवलं."

नर्स बोलली म्हणजे दवाखाना बोलला. वडील भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. आई सांगत होती, जेवत होते हो मी, शेजारणीला विचारा. कोणी विचारलं नाही. महिन्याभरात आई आणि एवढीशी पोर घराबाहेर होत्या. आईच्या वडिलांचा मित्र असलेल्या त्या मिस्त्रीनं दुकानावरची खोली दिली. त्या वाक्याला मात्र पाय फुटले. ते गल्लीत आलं, नळावर आलं, शाळेत आलं. "हिच्या आईनं हिला पोटात उपाशी ठेवलं होतं." म्हणून वडिलांकडच्या माणसांत तिचं नाव पडलं बारकी.

आत्यालाही एक मुलगी होती, पाच महिन्यांनी मोठी. तिला सगळे गब्बू म्हणायचे. आत्या सांगायची, माझी पोर पावणेतीन किलोच्या वर भरली, गब्बूच होती नुसती. दोघी एकाच शाळेत, एकाच वर्गात. उंचीप्रमाणे रांग लावली की पहिली बारकी, दुसरी गब्बू. कधी पहिली गब्बू, दुसरी बारकी. दोघींची मनगटं एका बांगडीत मावली असती. पण एक गब्बू होती आणि दुसरी बारकी होती, आणि हे कोणालाच विचित्र वाटलं नाही. गब्बूलाही नाही, बारकीलाही नाही. नावं अशीच चिकटतात.

चार वर्षांपूर्वी काटेवालीला मुलगी झाली. त्याच दवाखान्यात. आत्या तेव्हा मोठी सिस्टर होती, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. बारा खाटांच्या त्या खोलीत तिनं तक्त्यावर नजर टाकली आणि मोठ्यानं वाचलं, "दोन किलो एकशे पन्नास." मग चष्मा कपाळावर सरकवून म्हणाली, "आईच्याच वळणावर गेली. ह्यांच्यातल्या बायकांना पोटातल्या पोराला घास द्यायचा म्हणजे अगदी जिवावर येतं."

पलीकडच्या खाटेवर कोणीतरी फिस्सकन हसलं. काटेवालीची आई डबा घेऊन दारात उभी होती. ती तिथूनच परत फिरली. डबा मात्र दारात ठेवून गेली. भरलेला.

दुपारी डॉक्टरीणबाई आली. नवी होती, वयानं लहान. कागद भरताना तिनं विचारलं, "तुमचं स्वतःचं जन्मवजन किती होतं?"

हे काटेवालीला आयुष्यात कोणी विचारलं नव्हतं. सांगितलं सगळ्यांनी होतं.

"एक नऊशे. त्यावरून माझ्या आईला घराबाहेर काढलं."

डॉक्टरीणबाईनं पेन खाली ठेवलं. "का?"

"मला पोटात उपाशी ठेवलं म्हणून."

"जी बाई स्वतः लहान जन्मलेली असते, तिचं बाळ लहान असण्याचा संभव जास्त असतो," डॉक्टरीणबाई म्हणाली. "नेमच आहे असं नाही. दुसरीही कारणं असतात. पण आईनं नऊ महिने काय खाल्लं, एवढ्यावरच ते ठरत नाही. ती स्वतः किती होती, तिची आई किती होती, हेही त्यात येतं. तुमची मुलगी छान आहे. बारीक आहे आणि छान आहे."

काटेवालीनं मुलीला दोनदा वरखाली केलं. दोन एकशे पन्नास. बरोबर होतं. त्या दिवसापर्यंत तिचा राग घरात फिरणाऱ्या धुरासारखा होता, कुठून येतो, कुठे जातो ते कळायचं नाही. आता त्याला दिशा मिळाली.

यंदा डॉक्टरीणबाईनं एक काम काढलं. ह्या दवाखान्यात जन्मलेल्या मुली मोठ्या होऊन ह्याच दवाखान्यात बाळंत होत होत्या. जुन्या नोंदवह्यांतून आईचं जन्मवजन शोधायचं आणि तिच्या बाळाच्या वजनाशेजारी मांडायचं. पण जुने काटे किती खरे होते? ते सांगायला काटेवालीला बोलावलं. दवाखान्याचे काटे तीच तपासायची, तिच्या आधी मिस्त्री तपासायचा. कुठल्या वर्षी कुठला काटा होता, हे तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

नोंदवह्यांची खोली तळघरात होती. तिथले काका दारातच म्हणाले, "इथलं धूळ सोडून काही हलवायचं नाही."

"आणि धूळ हलली तर?"

"तर शिंक तुमची, खोकला माझा."

तीन आठवडे ती सकाळची दोन तास तिथे बसली. जोड्या लावत गेली. एका दोन किलोच्या बाईची मुलगी चांगली तीन किलोची निघाली, म्हणजे डॉक्टरीणबाई म्हणाली तसा नेम नव्हता. पण लहान जन्मलेल्यांच्या पोटी लहान, हे पुन्हा पुन्हा येत होतं. त्या सगळ्या बायकांना कोणी ना कोणी म्हणालं असेल, जेवत नव्हतीस. काटेवाली आकडे उतरवायची आणि दात आवळायची.

मग तिच्या स्वतःच्या वर्षाची वही आली. आपली नोंद तिला सापडली. १.९००. आत्याचं अक्षर. ती पानं उलटत पाच महिने मागे गेली.

गब्बूची नोंदही आत्याच्याच अक्षरात होती. बाळंतिणीनं खाटेवरून उठून आपल्या बाळाची नोंद आपल्या हातानं लिहिलेली. २.८७०.

काटेवालीनं ते पान बराच वेळ पाहिलं. मग अख्खी वही चाळली, पहिल्या पानापासून. २.६५०. ३.१००. २.९५०. २.४००. सगळे आकडे शून्यावर नाहीतर पन्नासावर संपत होते. संपणारच. त्या वर्षी तिथे तबकडीचा काटा होता, घड्याळासारखा, आणि त्याच्या दोन रेघांमध्ये पन्नास ग्रॅम होते. मधलं काही त्याला दिसतच नव्हतं. रेघेच्या अलीकडे-पलीकडे असलं तर नर्सा जवळची रेघ लिहायच्या. साडेतीनशे बाळं तशी लिहिली होती. एकटी गब्बू सत्तरवर.

खोटं बोलणाऱ्याला नेमकेपणाचा सोस असतो. आत्याला वाटलं असेल, आठशे पन्नास लिहिलं तर साधं वाटेल, आठशे सत्तर लिहिलं तर खरं वाटेल.

"सापडलं का काही?" काकांनी विचारलं.

"धूळ," काटेवाली म्हणाली.

एक वाजता ती घरी पोचली तेव्हा आई पायरीवर जेवत होती. काटेवाली तिच्या शेजारी खाली बसली.

"आई, गब्बू जन्मली तेव्हा तू होतीस?"

"होते की. मीच सोबतीला होते. तू पोटात होतीस, चार महिन्यांची."

"किती भरली होती?"

आईचा घास हातातच राहिला. "दोन आठशे सत्तर."

"आई, त्या काट्याला सत्तर नव्हतं."

समोर बस आली, माणसं उतरली, बस गेली. आईनं घास ताटात परत ठेवला.

"एक आठशे पन्नास," ती म्हणाली. "मी बघितलं. वन्संनी माझे दोन्ही हात धरले. म्हणाल्या, वहिनी, सासूला कळलं तर मला दारात उभं करणार नाही. मला माझ्या पोटाची शपथ घातली. म्हणजे तुझी."

"आणि पाच महिन्यांनी तुला काय म्हणाल्या?"

"घाबरल्या असतील. दोघींची पोरं बारीक आहेत म्हटल्यावर लोकांनी गब्बूलाही पुन्हा तोलून पाहिलं असतं. एकीकडे बोट दाखवलं की दुसरीकडे कोण बघतंय."

"आणि तू तेहतीस वर्षं गप्प?"

"तुझी शपथ होती बाई. ती काय वर्षं बघून संपते?"

आई पुन्हा जेवायला लागली. रस्त्याकडे तोंड करून. काटेवाली उठली, दुकानात गेली आणि पितळी वजन पुसायला बसली. अर्ध्या तासानं ते खाली ठेवलं आणि माळ्यावर चढली.

माळ्यावर तो काटा होता. दवाखान्यात बॅटरीचे काटे आले तेव्हा मिस्त्रीनं जुना भंगारात घेतला होता आणि सुट्या भागांसाठी ठेवून दिला होता. तबकडी पिवळी पडली होती. स्प्रिंग थकली होती. सुई वाकली होती. काच नव्हती. ह्याच काट्यात ती आणि गब्बू पाच महिन्यांच्या अंतरानं पडल्या होत्या.

तिनं ठरवलं. हा काटा चालता करायचा. गब्बूला आठवा महिना संपत आला होता आणि बाळ लहान दिसतंय म्हणून ती दवाखान्यात होती, त्याच बारा खाटांच्या खोलीत. पुढच्या शनिवारी पुन्हा तपासणी होती. भेटायच्या वेळेला गब्बूची सासू यायची, नवरा यायचा, आत्या तर तिथून हलतच नव्हती. त्यांच्यासमोर, बाराही खाटांसमोर, काटा टेबलावर ठेवायचा. त्यावर वजन ठेवायचं. आणि म्हणायचं, आत्या, सत्तर दाखवा.

आठ दिवस ती त्या काट्यावर वाकलेली होती. भाजीवाल्यांचे काटे तसेच पडले. भाजीवाले येऊन शिव्या घालून गेले. रात्रीचं जेवण झालं की नवरा दारात टेकून बघायचा.

"लग्नात आहेर द्यायचाय का कुणाला?"

"तोंडावर मारायचाय."

"मग बरोबर घेतलास. वजनदार आहे."

ती हसली नाही. स्प्रिंगचे वेढे मोजत मनात वाक्यं घोळवत होती. कुठलं आधी, कुठलं नंतर. कुठे थांबायचं. आत्याच्या तोंडावरचा रंग कधी उतरेल. पान्ह्यानं नट आवळताना ती ओठ हलवायची, आणि मुलगी विचारायची, "आई, तू कुणाशी भांडतेस?"

बुधवारी गब्बूचा निरोप आला. फोनवर लिहिलेला. "बारके, एकदा येऊन जा ना. सगळे मला भरवतायत. मी जेवते गं. खरंच जेवते."

काटेवालीनं तो दोनदा वाचला. उत्तर दिलं नाही. शनिवार लांब नव्हता.

शुक्रवारी दुपारी तीन वाजता सुई बसवून झाली. आता फक्त शून्य लावायचं राहिलं होतं. रिकाम्या ट्रेला सुई शून्यावर यायला हवी, ती एक रेघ अलीकडे थांबत होती. मागे एक लहान स्क्रू असतो, तो पाव फेरा फिरवायचा. तिनं स्क्रूड्रायव्हर लावला आणि फोन वाजला. तळघरातले काका होते.

"तुमच्या आत्याबाईंनी डॉक्टरीणबाईंना घेरलंय. म्हणतात, मी पावणेतीनच्या वर पोर दिली, आमच्यात लहान नसतात, बाळ आत अडलंय, आजच ऑपरेशन करून काढा. सासरचेही तेच म्हणतात. चार वाजता सह्या आहेत. तुम्ही त्या वहीवर काहीतरी बघत होता, म्हणून म्हटलं..."

काटेवालीनं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. मळका एप्रन न काढताच निघाली.

खोलीत शिरली तेव्हा आत्या गब्बूला चमच्यानं भरवत होती. गब्बू गिळत होती. सासू पायथ्याशी उभी राहून घास मोजल्यासारखी बघत होती. नवरा खिडकीशी. डॉक्टरीणबाईच्या हातात कागद होता.

"थोडं अजून," आत्या म्हणाली. "तुझ्यासाठी नाही, बाळासाठी."

"आत्या," काटेवाली म्हणाली.

आत्यानं वळून पाहिलं. "बारके, ही काय अवतार करून यायची जागा आहे?"

"एकच विचारायचंय. तुम्ही तीस वर्षं पोरं तोललीत. तो जुना तबकडीचा काटा होता ना, त्याच्या दोन रेघांमध्ये किती ग्रॅम होते?"

कामाचा प्रश्न होता. आत्या निवृत्त झाली होती, पण तिचं तोंड निवृत्त झालं नव्हतं. "पन्नास," ती ताडकन म्हणाली.

आणि मग तिचं उत्तर तिच्यापर्यंत पोचलं. चमचा वाटीवर वाजला.

"मग सत्तरची रेघ कुठे होती?"

डॉक्टरीणबाईनं हातातला कागद हळूच खाली घेतला. तिच्या डोळ्यांसमोर वहीची पानं येत असावीत, शून्य आणि पन्नास, शून्य आणि पन्नास.

"काय बडबडतेस?" आत्या म्हणाली, पण आवाजात दम नव्हता.

"आई," गब्बू म्हणाली. ती आपल्या आईकडेच बघत होती. "मी किती होते?"

"अगं, सगळ्यांना ठाऊक आहे..."

"आई, मी किती होते?"

आत्यानं वाटी टेबलावर ठेवली. चमचा सरळ केला. "एक आठशे पन्नास."

गब्बूच्या सासूनं आधी सुनेकडे पाहिलं, मग विहिणीकडे. "म्हणजे तुम्हीच जेवत नव्हता?"

"जेवत होते हो मी!"

"मग पोर एवढीशी कशी निघाली?"

"खरंच जेवत होते. शेजारणीला विचारा..."

काटेवालीला त्या प्रश्नाचं उत्तर येत होतं. चार वर्षांपूर्वी ह्याच खोलीत ते तिला मिळालं होतं. ती बोलली नाही. खाटेच्या लोखंडी दांडीवर हात ठेवून उभी राहिली आणि आत्याच्या तोंडावरचा रंग उतरताना पाहत राहिली, अगदी ठरवला होता तसा. पलीकडच्या खाटेवर कोणीतरी कुजबुजलं. आत्याचे डोळे ह्या तोंडावरून त्या तोंडावर फिरत होते आणि कोणीच शेजारणीला विचारायला निघत नव्हतं. काटेवालीला ते गोड लागलं. खोटं कशाला बोला. एक मिनिट, दीड मिनिट. तिला ते आणखी हवं होतं.

शेवटी डॉक्टरीणबाईच म्हणाली. "त्या जेवत असणार. लहान जन्मलेल्या बाईचं बाळ लहान असू शकतं, त्यांच्यात ते पुढे आलं असेल. हिच्यातही तेच असेल." मग ती गब्बूच्या सासूकडे वळली. "हा आकडा एकटा काही ठरवत नाही. पण रक्ताचा प्रवाह चांगला आहे, पाणी पुरेसं आहे, बाळ सावकाश का होईना वाढतंय. मला एवढंच खटकत होतं, की आई चांगली वजनदार जन्मली आणि बाळ एवढं लहान का? म्हणजे आत काही अडलंय का? आता ते खटकत नाही. आज काही करायचं नाही. रोज बघू. काही बदललं तर लगेच काढू."

तिनं सह्यांचा कागद दुमडून खिशात घातला. मग काटेवालीला विचारलं, "हे तुम्हाला आत्ताच कळलं का?"

"आठ दिवस झाले."

गब्बू बोलली. "आठ दिवस?" एवढंच. तिच्या ओठाच्या कोपऱ्याला आत्यानं भरवलेलं तसंच लागलेलं होतं.

काटेवालीनं तिकडे पाहिलं नाही. तिला अजून एक करायचं होतं. ती आत्याला म्हणाली, "उद्या एक वाजता आमच्या दारात या. आई तेव्हा जेवत असते. काय सांगायचं ते तुम्हाला ठाऊक आहे. रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात सांगा."

आत्या आली. एकला पाच मिनिटं होती. ती पायरीखाली उभी राहिली, पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून. चाव्यावाल्यानं यंत्र थांबवलं. तीस वर्षं बारा खाटांना पुरणारा तिचा आवाज होता. तो बसथांब्यापर्यंत गेला.

"वहिनी जेवत होत्या. मी खोटं बोलले. माझीही पोर लहानच होती."

बसथांब्यावरची माणसं वळली. एका म्हाताऱ्यानं शेजारच्याला विचारलं, काय झालं, आणि शेजारच्यानं खांदे उडवले. त्या रस्त्यावर आता तेहतीस वर्षांपूर्वीचं कोणी नव्हतं. ज्यांनी ऐकायला हवं होतं ते मेले होते, नाहीतर घर बदलून गेले होते. वडील तर केव्हाच गेले.

"वन्सं, बसा आधी," आई म्हणाली. "ओरडू नका, घसा बसेल. जेवलात?"

आत्या बसली नाही. तिनं आईचा ताट धरलेला हात वरून एकदा दाबला आणि पुढच्या बसनं गेली.

आईनं ताटाकडे पाहिलं. काटेवाली दुकानाच्या दारात उभी होती.

"झालं समाधान?" आईनं विचारलं.

"नाही."

"मला वाटायचं, हे ऐकलं की मोकळी भूक लागेल." आई थोडी थांबली. "वन्संनी आकडा तेहतीस वर्षं पोटात ठेवला. तू आठ दिवस. काटा एकच गं, तुझ्या रेघा कमी."

ताटात अर्धा भात होता. आई तो तसाच ठेवून उठली. काटेवालीनं आईला ताटात टाकताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मग आईनं स्टूल उचललं आणि आत नेलं. तेव्हापासून ती वर पंख्याखाली जेवते. कधी पोटभर, कधी दोन घास.

तीन आठवड्यांनी गब्बूला मुलगा झाला. तिनं फोनवर एक फोटो पाठवला. बॅटरीच्या काट्याचा लाल आकडा, २.११५. खाली एक शब्द नाही. काटेवालीनं तीनदा उत्तर लिहिलं आणि तीनदा पुसलं.

भाजीवाल्यांचे काटे तिनं त्याच आठवड्यात करून दिले. पितळी वजन तपासणीला पाठवलं. चहाच्या साखरेचा चमचा अजून काठाला घासते. तबकडीचा तो काटा मात्र दुकानातल्या फळीवर तसाच आहे, नवी स्प्रिंग, सरळ केलेली सुई. रिकामा असतानाही सुई शून्याच्या एक रेघ अलीकडे थांबते. मागचा स्क्रू पाव फेरा फिरवायचा आहे. स्क्रूड्रायव्हर शेजारीच पडलाय, शुक्रवारी दुपारी ठेवला होता तिथे.